परत आलेली ओटी

"कुंदावहिनी कुठंयत?" वैजयंताताईंनी पाटावर बसल्या बसल्या विचारलं आणि आमच्या हॉलमधल्या सोळा बायका एकदम गप्प झाल्या.

आई स्वयंपाकघरात होती. दुसरीकडे कुठं असणार? सहयोगनगरात कुणाचंही हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, बाबा गेल्यापासून सहा वर्षं आईची जागा ठरलेली. गॅससमोर, चहाच्या पातेल्याजवळ. त्या दिवशी कार्यक्रम आमच्याच घरी होता, कारण हॉल आमचा मोठा. घर आमचं, कपबशा आमच्या, साखर आमची, आणि आई आत.

"चहाचं बघतायत त्या," शिंत्रेकाकू म्हणाल्या. तबक त्यांच्या हातात होतं. ते नेहमी त्यांच्याच हातात असायचं.

"चहा उकळंल की आपला आपण. बोलवा त्यांना. पहिली ओटी त्यांची."

"अगं वैजयंता," शिंत्रेकाकूंनी आवाज खाली आणला. खाली म्हणजे आत ऐकू जाईल एवढाच. "उद्या फॉर्म भरायला निघालीस तू. शुभकार्य आहे. तसं नसतं बाई."

"कसं नसतं?"

"आता सगळं तोंडानं सांगायचं का?"

"सांगा की. मी काय शिकवणी घ्यायला बसलेय का तुमची?" वैजयंताताई हसल्या, पण पाटावरून उठल्या नाहीत. "माझ्यासाठी उंबरा न् उंबरा कोण झिजवतंय, माहीत आहे ना तुम्हाला? सकाळी ड्युटीआधी आणि संध्याकाळी ड्युटीनंतर. तेव्हा नाही कुणाला शुभ-अशुभ आठवलं. वहिनी! ओ वहिनी!"

मी दारात उभी होते, हातात बशांचा ट्रे. मला आईचं तोंड दिसत होतं आणि हॉलही. आईनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

वैजयंताताई चौगुले कॉलनीच्या कोपऱ्यावर शिवणक्लास चालवायच्या. नवऱ्याचं, म्हणजे अण्णा चौगुल्यांचं, सिमेंट-पत्र्याचं दुकान. त्या वर्षी नगरपालिकेत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. नगराध्यक्षांनी आपल्या भावजयीला उभं केलं. तिच्या विरोधात एकच नाव पुढं आलं, वैजयंताताईंचं, आणि तेही बायकांनी काढलेलं. कारण धूर. कॉलनीच्या मागं नगरपालिकेचा कचरा डेपो होता. रोज संध्याकाळी तो पेटवायचे. सहा वाजले की खिडक्या लावायच्या, वाळत घातलेले कपडे आत ओढायचे, आणि रात्रभर कुणाच्या ना कुणाच्या घरात खोकला. अर्ज देऊन देऊन सगळे दमले होते.

"मोठ्या माणसाचे पैसे घेतले तर त्याचं ऐकावं लागंल," वैजयंताताई पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या. "तुमचे घेतले तर तुमचं ऐकीन." तेव्हा ठरलं की वर्गणीचं पुस्तक फिरवायचं नाही. बायका वैजयंताताईंची ओटी भरतील आणि ओटीत प्रत्येक घरचे एकशे एक. मगदूमकाका म्हणाले, "एकशे एकात फटाक्यांची माळ तरी येती का?" त्यांच्या बायकोनं त्यांना तिथंच सुनावलं, "तुम्हाला माळ घालायला किती खर्च आला होता? तरी निभावलंच की."

आई बाहेर आली. तिच्या हातात तिची स्वतःची ओटी तयार होती. म्हणजे तिनं आशा सोडली नव्हती तर. ताटलीत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि एक हिरवा खण. तो खण मी ओळखला. बाबा असतानाच्या शेवटच्या संक्रांतीला तिला मिळालेला. त्यानंतर तिला कुणी खण दिलाच नव्हता. सहा वर्षं तो कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून होता.

वैजयंताताईंनी पदर पुढं केला. आईनं ओंजळीनं तांदूळ घातले. पाचव्या ओंजळीला थोडे दाणे पाटावर सांडले. शिंत्रेकाकूंनी ते दाणे बघितले. मी शिंत्रेकाकूंना बघितलं.

शेवटी आईनं पैसे ठेवले. पाचशेची एक आणि वर एक रुपया.

"वहिनी, एकशे एक ठरलेत," वैजयंताताई म्हणाल्या.

"राहू दे." आई वाकली आणि हळूच म्हणाली, "तेवढा धूर बंद कर."

मला राग आला. माझ्या चष्म्याची एक काडी तीन महिने दोऱ्यानं बांधलेली होती. बारावीच्या वर्गात मुली मला 'सुईदोरा' म्हणायच्या. आणि आई पाचशे एक रुपये त्या पदरात टाकून, चहा गाळायला पुन्हा आत निघून गेली. जाताना मात्र ती हसत होती. सहा वर्षांत मी तिला बायकांच्या घोळक्यातून असं हसत जाताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना वैजयंताताईंच्या अंगात त्या हिरव्या खणाचा ब्लाऊज होता. रात्रीतून शिवलेला. आईनं तो पाहिला आणि कचेरीबाहेर, भर रस्त्यात, मला कोपरानं ढोसलं.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, अर्ज मागं घ्यायची शेवटची तारीख होती. दुपारी तीनपर्यंत. सव्वातीनला फटाके वाजायला लागले. मी कॉलेजातून येत होते. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न. मगदूमकाकू रस्त्यातच भेटल्या. "वैजयंतानं अर्ज काढला गं," त्या म्हणाल्या. "नगराध्यक्षांची भावजय बिनविरोध आली. मतदानच नाही आता आपल्या वॉर्डात." त्यांचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा झाला होता.

चार वाजता अण्णा चौगुल्यांच्या दुकानातले दिवाणजी कॉलनीत फिरले. खांद्याला पिशवी, पिशवीत पाकिटं. आमच्या दाराशी येऊन त्यांनी एक पाकीट पुढं केलं.

"आईला दे. ताईंनी पाठवलंय. ज्याचं त्याला, वर थोडं गोड."

मी उघडून बघितलं. दोन पाचशेच्या नोटा आणि दोन रुपये. दुप्पट. मला पहिल्यांदा चष्मा दिसला. खरं सांगते, धूर नाही, वैजयंताताई नाहीत, आई नाही. काळ्या फ्रेमचा चष्मा. मी पाकीट टीव्हीवर ठेवलं.

तेवढ्यात फाटकाशी शिंत्रेकाकू आल्या. त्यांचंही पाकीट हातातच होतं आणि ते त्या पंख्यासारखं हलवत होत्या. मागं दोघी-तिघी. "सांगत होते मी," त्या माझ्याकडे बघून, पण त्या दोघी-तिघींसाठी बोलत होत्या. "पांढऱ्या कपाळानं ओटी भरली की असंच होतं. तांदूळ सांडले तेव्हाच मला चर्र झालं. पण हल्ली सांगणाऱ्यालाच वाईट म्हणतात. चांगली निवडून येत होती पोरगी."

त्यांच्या मागं रस्त्यावर आई उभी होती. ड्युटीवरून आलेली, हातात मेथीची जुडी. तिनं सगळं ऐकलं होतं. कुणी बाजूला झालं नाही, तिनंच दोघींच्या मधून वाट काढली आणि आत आली.

पाय धुतले. टीव्हीवरचं पाकीट बघितलं. उघडलं नाही.

"हे कुणी घेतलं?"

"मी."

"ओटी परत घेतलीस?"

मी सतरा वर्षांची होते, तोंडावर पडले होते, आणि सतरा वर्षांची मुलगी तोंडावर पडली की आईलाच चावते. मी म्हणाले, "पण तू कशाला गेलीस बाहेर? आत चहा करत बसली असतीस तर कुणाला बोलायला जागाच मिळाली नसती."

आई मेथी निवडायला बसली. एकेक पान. सहा वाजले, धूर आला, मी खिडक्या लावल्या. आज माझी सात महिन्यांची लेक मांडीवर झोपली की मी तिच्या केसांवरून हात फिरवते, आणि मधेच मनात येतं, एक दिवस हीसुद्धा मला असंच काहीतरी बोलेल. तेव्हा मी मेथी निवडीन, की फेकून मारीन?

सकाळी साडेसातला आई तयार होती. आई एसटीत होती. बाबा डेपोत मेकॅनिक होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी तिला घेतलं आणि स्टँडवर विद्यार्थी पासच्या खिडकीत बसवलं. कॉलनीत आईचा आवाज कुणाला ठाऊक नव्हता. स्टँडवर मात्र तो तीन फलाट ओलांडून जायचा. लाईन मोडणाऱ्या पोरांना तो आवाज कानफटात बसल्यासारखा बसायचा.

"चल," ती मला म्हणाली. पाकीट तिच्या पर्समध्ये होतं.

"कुठं?"

"जिथनं आलं तिथं."

चौगुल्यांच्या बंगल्यासमोर गुलाल पडला होता. नगराध्यक्षांची जीप उभी. ते स्वतः आत होते की नव्हते कोण जाणे, पण त्यांची माणसं व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसली होती. अण्णा चौगुले पेढे वाटत होते. अर्ज काढलेल्या उमेदवाराच्या घरी पेढे! आणि कॉलनीतले निम्मे लोक तिथंच होते, हातात पेढा घेऊन. शिंत्रेकाकूही होत्या. शिवणक्लासचं शटर बंद. वैजयंताताई कुठं दिसत नव्हत्या.

आई फाटकात थांबली. मला वाटलं, आता ती हळूच अण्णांना बोलावील, पाकीट देईल आणि आम्ही जाऊ. आईनं श्वास घेतला.

"वैजयंता चौगुले! खिडकीवर या!"

सवयीनं गेलं तिच्या तोंडून. स्टँडवर ती असंच ओरडायची, नाव पुकारून. व्हरांड्यातली माणसं हसली. एकजण म्हणाला, "काय ओ, पास संपला काय ताईंचा?" आणखी हसले. आई हसली नाही, पण तिनं तोंड फिरवलं नाही की आवाज उतरवला नाही.

अण्णा लगबगीनं आले. "या, या वहिनी. पेढा घ्या. पाकीट पोचलं ना?"

"पोचलं."

"डबल केलंय बघा. कुणाचं नुकसान नको."

"ते बघितलं." आईनं पाकीट काढलं, त्यातली एक पाचशेची नोट आणि एक रुपया वेगळा केला आणि पेढ्यांच्या खोक्यात ठेवला. पेढ्यांवर. "हे तुमचं. मी मागितलं नव्हतं."

"अहो वहिनी—"

"आणि हे माझं. पण हे तुम्हाला द्यायचं नाही. तिला बोलवा."

"तिचं डोकं दुखतंय. जाऊ द्या ना, राजकारण आहे हे. तुम्हाला नाही कळायचं. आमच्या घरचा प्रश्न होता."

"घरचाच प्रश्न आहे की. धूर काय नगराध्यक्षांच्या घरात जातो? आमच्याच घरात येतो."

आता कुणी हसलं नाही. दारात वैजयंताताई आल्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. अंगात तोच हिरवा ब्लाऊज. बहुतेक कालपासून तोच.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "पैसे पाठवलेस. नारळ खाल्ला असशील. खण तेवढा परत नाही आला."

"कापला होता ना, वहिनी," वैजयंताताई म्हणाल्या. आवाज जेमतेम फुटला. "कापलेला कसा देऊ?"

"मग बाकीचं कसं दिलंस? लग्नं मोडतात, सोनं परत घेतात, नांदायला गेलेल्या मुली परत पाठवतात. सगळं ऐकलंय मी. ओटी परत केलेली ऐकलीय कुणी इथं?" आई वळली. पेढे हातात धरलेल्या एकेका बाईकडे तिनं बघितलं. "आणि तुम्ही घेतलीत? दुप्पट मिळाली म्हणून?"

मगदूमकाकूंनी पेढा पदराखाली लपवला. मी माझे हात मागं घेतले. माझ्या हातात पेढा नव्हता, तरी.

"वैजू, एकच विचारते. माझ्या हातानं तुझा अर्ज मागं गेला?"

वैजयंताताईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडं नको बघू. शिंत्रेबाई तिकडं उभ्या आहेत. त्यांच्याकडं बघून सांग."

"नाही," वैजयंताताई म्हणाल्या.

"मोठ्यानं."

"नाही! तुमच्या हातानं नाही गेला." आणि मग बांध फुटावा तसं, "नगरपालिकेच्या पाणीटाकीच्या कामाला सिमेंट-पत्रा ह्यांच्या दुकानातून जाणार आहे, म्हणून गेला. मला रिक्षात घातलं, वाटेत सांगितलं. कचेरीत सही करताना पेन हे धरून बसले होते. मी लिहिलेलं माझं नावसुद्धा नीट वाचता येत नाही त्या कागदावर."

"आत चल," अण्णा म्हणाले. दंडाला धरलं.

"थांबा," आई म्हणाली, थेट त्या खिडकीतल्या आवाजात. "लाईन मोडू नका. आमचा नंबर चाललाय."

अण्णांनी हात सोडला. का सोडला ते त्यांनाही कळलं नसेल. तालुक्यातली निम्मी पोरं त्या आवाजापुढं गप्प उभी राहिली होती, अण्णाही त्यातलेच झाले.

आईनं पाचशे एक रुपये पुढं केले. वैजयंताताई पायऱ्या उतरून आल्या. सगळ्यांसमोर, नगराध्यक्षांच्या माणसांसमोर, त्यांनी पदर पसरला. आईनं त्यात ते पैसे टाकले. तांदूळ नव्हते, नारळ नव्हता, हळदकुंकू तर नव्हतंच.

"भरली," आई म्हणाली. "निवडणूक झाली नाही तरी माझं मागणं उभं आहे. आता मी विचारत राहणार."

शिंत्रेकाकूंनी माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी पेढा संपवला, बोटं चाटली, आणि घरी गेल्या. अजूनही मागितलेली नाही.

स्टँडपर्यंत मी आईबरोबर चालत गेले. मला तिला कालच्या वाक्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. पण मी भलतंच विचारलं. "पण त्या पाचशे एकचं काय झालं शेवटी? निवडणूक तर नाहीच. मग दिलेस कशाला परत?"

"स्टँडवर गाडी लागली नाही की कोण ओरडतं?"

"सगळेच."

"सगळे नाही. पासवाला ओरडतो. त्यानं पैसे भरलेत. फुकट जाणारा कोपऱ्यात उभा राहतो. गाडी आली तर नशीब, नाही आली तरी नशीब." तिनं पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ह्या कॉलनीत सहा वर्षं मी फुकट उभी होते गं. चहा करायचा आणि गप्प राहायचं. ती म्हणाली, पैसे द्या, तुमचं ऐकीन. मला वाटलं, आपणही एक पास काढावा."

आम्ही स्टँडवर पोचलो. तिच्या खिडकीसमोर आधीच दहा-बारा पोरं होती.

"काल मी बोलले ते..." मी सुरुवात केली.

"ऐकलं ते मी," आई म्हणाली. "परत बोललीस तर थोबाड फोडीन." आणि माझ्या चष्म्याची काडी सरळ करून ती आत गेली. दोन मिनिटांत तिचा आवाज आला, "सुट्टे काढून ठेवा!"

धूर थांबला नाही. पुढची चार वर्षं थांबला नाही. पण दर सोमवारी वैजयंताताई नगरपालिकेत अर्ज घेऊन जायच्या. का, तर जायचा रस्ता स्टँडवरून होता, आणि आई खिडकीतून विचारायची, "काय गं, दिला का?" अख्ख्या फलाटाला ऐकू जायचं. एका सोमवारी त्यांच्याबरोबर मगदूमकाकू गेल्या, मग आणखी तिघी. पाचव्या वर्षी त्यांनी कचऱ्याच्या गाड्यांपुढं रस्त्यात ठाण मांडलं, तेव्हा कुठं डेपो हलला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कुणाच्या तरी घरामागं. ह्याचाही मला राग येतो, पण तो वेगळा.

आता मी पुण्याच्या कडेला राहते, जिथं बिल्डिंग आधी येते आणि पाणी मागून. मागच्या निवडणुकीत एक शाळेतली बाई उभी राहिली होती. नळ आणीन म्हणाली. मी फोनवरून तिला दोनशे रुपये पाठवले. नवरा म्हणाला, "दोनशेनं काय होणार?" मी त्याला ही गोष्ट सांगायला लागले, तेवढ्यात लेक रडली. गोष्ट राहिलीच.

ती बाई निवडून आली. पाच महिने झाले. टँकर अजून रोज येतो, सकाळी पाचला, भोंगा वाजवत. बाई फोन उचलत नाही.

परवा दुपारी आईचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं, अगदी हळू.

"किती दिलेस?" आईनं विचारलं.

"दोनशे."

"आणि ओरडलीस किती वेळा?"

"अजून नाही."

"का?"

"आई, मुलगी झोपलीय मांडीवर. हळू बोलते म्हणून."

"उठू दे तिला," आई म्हणाली.